गाठीशी काय आहे?

(दिंडीच्या शताब्दीनिमित्त पुणे मुक्कामी, विसाव्याच्या दिवशी दुपारी झालेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



दिंडीप्रमुख महाराज, विणेकरीबुवा, टाळकरी-पखवाजी मंडळी आणि डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून चालत आलेल्या माझ्या आयाबहिणींनो. आज मुक्काम आहे आणि उद्या दिवेघाट आहे. तेव्हा पाय पसरून बसा. कुणी पायाला तेल लावत असेल तर लावू द्या, कुणाचा डोळा लागला तरी मला राग यायचा नाही.

महाराजांनी मला निरोप धाडला तेव्हा म्हणाले, ताई, व्यसनावर बोला. मी म्हटलं, महाराज, ही सगळी माळकरी मंडळी. दारू वाईट, हे यांना मी काय सांगायचं? ते म्हणाले, यांच्या गळ्यात माळ आहे, पण यांच्या घरात बघा. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाचा धाकटा भाऊ. वारीत चालताना निम्म्या बायका पांडुरंगाला तेवढं एकच मागत असतात.

महाराजांचं खरं आहे. व्यसनमुक्तीचं काम करताना मीही तेच बघते. म्हणून आज मी दारूने लिव्हर कसं खराब होतं ते सांगत बसणार नाही. ते पिणाऱ्यालाही पाठ असतं. मी बोलणार आहे ते पडलेला माणूस उठतो कशाच्या आधाराने, यावर.

एक करून बघा. गावात पारावर बसलेल्या चौघांना विचारा, अमका कसा आहे हो? तो जर पिणारा असला तर चौघं मिळून त्याचा पाढा म्हणतात. जमीन विकली, बायकोला मारलं, लग्नात धिंगाणा घातला, सोसायटीचं कर्ज थकवलं. सगळं खरंच असतं. मग दुसरा प्रश्न विचारा: बरं, त्याला येतं काय? आधी कुणी बोलत नाही. मग एकजण म्हणतो, तसा हात चांगलाय त्याचा, विहिरीवरची मोटर बंद पडली तर अजून त्यालाच बोलवावं लागतं. दुसरा म्हणतो, मारका बैलसुद्धा त्याच्यापुढे गुमान उभा राहतो. तिसऱ्याला आठवतं की शाळेत असताना हा भजनात चाली सांगायचा. दोन मिनिटांत पारावरचा माणूस बदलतो. म्हणजे तो अमका तिथे नसतोच, तो असेल गुत्त्यावर. पण त्याच्याकडे बघणारी ही चार माणसं बदलतात.

या दुसऱ्या प्रश्नावर अख्खी एक कामाची पद्धत उभी आहे. अमेरिकेत कॅन्सस नावाच्या राज्यात एक विद्यापीठ आहे. तिथल्या समाजकार्याच्या प्राध्यापकांनी १९८० नंतरच्या काळात वेड्यांच्या इस्पितळातून घरी आलेल्या माणसांबरोबर काम करताना ही पद्धत बसवली. तोवर रीत अशी होती, की आजाऱ्याची फाईल उघडायची आणि त्याचं काय काय बिघडलंय त्याची यादी करायची. यांनी विचारायला सुरुवात केली, की तुला काय जमतं, काय आवडतं, पूर्वी काय करायचास, तुझ्या बाजूने उभं राहील असं कोण आहे? त्यावरून पुढचं ठरवायचं. याला ते बलस्थानांवर आधारलेलं काम म्हणतात. नाव जड आहे. आपण साधं म्हणू, माणसाच्या गाठीशी काय आहे ते आधी बघायचं. शिदोरीची गाठ सोडल्याशिवाय चटणी आहे का भाकरी आहे हे कळत नाही ना, तसं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे लांबचं झालं. लांबचं नाही. तुम्ही आळंदीपासून इथवर तेच करत आला आहात.

दिंडीत नवा माणूस आला तर तुम्ही काय करता? त्याला विचारता, टाळ येतो का? येत नसेल तर पताका घे. पताका धरून हात दुखतो, तर तंबूच्या मेखा ठोकायला चल. कुणी आचाऱ्याच्या हाताखाली, कुणी टँकरपाशी, कुणी ट्रकमधल्या वळकट्या मोजायला. वीणा ज्याच्या गळ्यात आहे त्याला तर ती खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळं व्हायचं. दिंडीत बिनकामाचा माणूस नसतो. आणि मी असं बघितलंय, की गावात ज्याला कुणी दारात उभं करत नाही, तो इथे पहाटे तीनला उठून पाणी भरतो. तोच माणूस, तेच शरीर. फक्त इथे त्याच्यावाचून कुणाचं तरी अडतंय. तिथे त्याच्यावाचून सगळ्यांचं छान चाललंय, असं सगळ्यांनी त्याला सांगून टाकलेलं असतं.

तुकोबांचंच घ्या. आपण त्यांना आकाशाएवढं झालेलं बघतो, म्हणून मधला काळ विसरतो. १६३०च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, दिवाळं निघालं, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितलंय. आता पुढचं नीट ऐका, कारण कीर्तनकार मंडळी इथून थेट वैकुंठाकडे निघतात. या खचलेल्या माणसाने आधी केलं काय? देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करायला घेतलं. आणि दुसऱ्याच्या कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरायला लागले. हेही त्यांनीच सांगितलंय. मग संतांची वचनं पाठ करायला लागले. पुढे उभं राहून कीर्तन करायची तेव्हा ताकद नव्हती, पण मागे उभं राहून ध्रुपद धरता येत होतं. जे येत होतं तिथून सुरुवात झाली. त्या वेळी देहूच्या त्या कीर्तनकाराने म्हटलं असतं, की अरे दिवाळखोर माणसा, तू माझ्या मागे उभा राहू नकोस, तर?

आता तुमच्या वाटेवरचीच एक जागा सांगते. काल आळंदीहून निघून दिघी, विश्रांतवाडी करत तुम्ही फुलेनगरच्या बाजूने शहरात शिरलात. त्या आळंदी रस्त्यावर, येरवड्याला, मोहनवाडीत ‘मुक्तांगण’ आहे. माउलींच्या वाटेवरच म्हणा की.

१९८०च्या पुढच्या काळात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नावाची नशेची पूड पसरली. चांगल्या घरची कोवळी पोरं तिच्यापायी मातीत जात होती. लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि म्हणाले, नुसतं वाचून काय होणार, काहीतरी करा, आम्ही मदत करतो. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदाताई, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या. मुलं त्यांच्याकडे उपचारांना यायची, बरी होऊन घरी जायची आणि पुन्हा तशीच परत यायची. मग २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. मोहनवाडीची इमारत नंतरची.

सुनंदाताई १९९७ साली कर्करोगाने गेल्या. पण त्यांनी घालून दिलेली रीत राहिली. त्या रीतीत दोन गोष्टी अशा आहेत, की ऐकताना तुम्हाला आपल्या दिंडीचीच आठवण येईल.

एक म्हणजे, तिथे आलेला माणूस खाटेवर पडून राहत नाही. साधारण ३५ दिवसांचा मुक्काम. पहिल्या दिवसांत शरीरातलं विष उतरेपर्यंत डॉक्टर आणि औषधं. ते उतरलं की झाडलोट, स्वयंपाकघरातली मदत, योगासनं, गटात बसून बोलणं. अवचट स्वतः बासरी वाजवायचे, लाकडात कोरीव काम करायचे, कागदाला घड्या घालून पक्षी-प्राणी करायचे. त्यांना माणसाच्या हातातल्या कलेचं भारी अप्रूप. नशेने थरथरणारे हात कागदाची घडी घालायला लागले, की त्या हातांच्या मालकालाच पहिलं नवल वाटतं, की अरे, हे अजून चालतात.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. तिथल्या कार्यकर्त्यांत कितीतरी जण असे आहेत, की जे कधीकाळी तिथेच रुग्ण म्हणून दाखल झाले होते. कालचा पडलेला आज दुसऱ्याला उठवायला बसलेला. नवीन आलेला माणूस डॉक्टरला सांगतो, मी कधीमधीच घेतो हो. समोरचा माजी दारुडा नुसता हसतो. तो म्हणतो, मीपण कधीमधीच घ्यायचो, सकाळी, दुपारी आणि रात्री. तिथे थाप चालत नाही. आणि आशासुद्धा तिथूनच येते. तू सुधारशील, असं हजार जणांनी सांगितलेलं असतं. पण समोर बसलेला माणूस सुधारलेला दिसतो, इस्त्रीचा शर्ट घालून, पगार घेऊन, मुलीच्या शाळेचं बोलताना दिसतो. आपण ज्या खड्ड्यात आहोत त्याच खड्ड्यातून हा वर आलाय, हे कळलं की मग पाय टेकायला जागा सापडते.

बघा, त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्याचं पिणं. तीच दुसऱ्याच्या उपयोगाला आली. ज्याला आपण डाग म्हणत होतो ते त्याचं भांडवल झालं.

हे पुण्यातच घडलं असं नाही. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाने आला होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. धंद्याचं काम फिसकटलं. संध्याकाळची वेळ, परकं गाव, हॉटेलात उभा, आणि शेजारीच बार. आता आपण जाणार, हे त्याला कळून चुकलं. त्याने काय करावं? चर्चमध्ये फोन लावत सुटला, की या गावात कुणी माझ्यासारखा दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्याला बॉब स्मिथ नावाचे एक डॉक्टर सापडले, तेही पिणारेच. दोघं तासन्‌तास बोलत बसले. दुसऱ्याला आधार देता देता बिल स्वतः वाचला, आणि पुढे डॉक्टरांचीही सुटली. तिथून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ उभी राहिली. आता जगभर, आपल्या पुण्यातही, तिच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. एकाने दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि दुसऱ्याने लगेच पहिल्याच्या, हे आपल्यात रिंगणाच्या वाटेवर चालतं. त्यांच्यात मिठी मारतात. अर्थ साधारण तोच.

आता आयाबहिणींकडे वळते. कारण घरातला माणूस पितो तेव्हा सगळं गाव त्याच्याविषयी बोलतं आणि जी घर चालवते तिच्याविषयी कुणी बोलत नाही. बोललंच तर एवढं, की बिचारी. मला हा शब्द आवडत नाही. जिने नवऱ्याच्या पिण्यात पंधरा वर्षं काढली, दुसऱ्याच्या शेतात खुरपून पोरांना शिकवलं, बचत गटाचा हप्ता एकदाही चुकवला नाही, सासूचं आजारपण काढलं, तिला बिचारी म्हणायचं? तिच्याएवढं धीराचं माणूस त्या घरात दुसरं नाही. मुक्तांगणमध्ये अशा बायकांचा वेगळा गट चालतो, त्याचं नाव ‘सहचरी’. तिथे त्या एकमेकींशी बोलतात. पहिल्यांदा रडतात, मग कधीतरी हसायला लागतात. नवरा प्यायला तर त्यात माझा दोष नाही, हे एवढं एक वाक्य मनाला पटायला कुणाकुणाला महिने लागतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. नवऱ्याचे गुण बघा, याचा अर्थ मार खा असा नाही. हात उगारणाऱ्या माणसाच्या अंगात चांगली चाल असली, भजन असलं, तरी हात उगारणं थांबलंच पाहिजे. त्यासाठी माहेरी जावं लागलं, पोलिसांत जावं लागलं, तर जा. गुण बघणं म्हणजे दोष झाकणं असं होत असेल तर मग ते कामच चुकलं.

आणि पोरं. पॅसिफिक महासागरात हवाई बेटं आहेत, त्यातलं एक कवाई. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांनी पाठपुरावा केला. केवढी चिकाटी! त्यात गरिबी, घरातली भांडणं, आईबापाचं व्यसन किंवा मानसिक आजार, अशी एकावर एक संकटं असलेली मुलं वेगळी काढून बघितली. त्यांतली सगळी वाया जातील असं कुणालाही वाटेल. पण त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा चांगला निघाला. कामधंद्याला लागलेली, माणसात राहणारी, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात काय होतं? एक तर घरात किंवा घराबाहेर, आजी असेल, शेजारीण असेल, शाळेचा मास्तर असेल, पण त्यांच्यावर जीव टाकणारं एक तरी मोठं माणूस होतं. आणि दुसरं असं, की त्यांतल्या पुष्कळांवर लहानपणी काहीतरी खरी जबाबदारी होती. धाकट्या भावंडांना सांभाळायची, घरचं काही बघायचं. त्यांच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. म्हणजे पुन्हा तेच.

तेव्हा आज्यांनो, पिणाऱ्या लेकाचा नातू तुमच्या ओट्यावर येऊन बसत असेल, तर त्याला नुसता लाडू देऊन लावू नका. त्याला म्हणा, माझी पोथी वाचून दाखव, मला दिसत नाही. दिसत असलं तरी म्हणा. एवढं खोटं पांडुरंग पोटात घालील.

आता अवघड भागाकडे येते. महाराज समोर आहेत म्हणून जरा धीर करून बोलते.

माळ घातली म्हणजे दारू-मांस वर्ज्य. हा नियम आहे, आणि तो राहावा. मी तो सैल करा म्हणत नाही. उलट या नियमाने जेवढी घरं वाचवली तेवढी आमच्यासारख्यांनी वाचवली नसतील. पण माळ घालून वर्षभर सुटलेला माणूस एखाद्या दिवशी पुन्हा पितो, तेव्हा पुढे काय होतं? तो माळ काढून देवापाशी ठेवतो. लाजेने भजनाला येत नाही. आपणही बोलवत नाही. दोघं-तिघं म्हणतात, आम्हाला माहीतच होतं. आणि मग जी एक जागा अशी होती जिथे तो पीत नव्हता, तीच त्याच्यासाठी बंद होते. उरतो काय? गुत्ता. गुत्त्यावर त्याला कुणी विचारत नाही की इतके दिवस कुठे होतास.

दारूची लत हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. आणि या आजारात घसरण होते. पहिल्या खेपेला कायमची सुटते अशी माणसं असतात, पण पुष्कळांची दोनदा, तीनदा, चारदा घसरते. व्यसनमुक्तीत काम करणारे घसरलेल्याला हाकलत नाहीत. ते त्याला विचारतात, अकरा महिने प्यायला नाहीस, ते कसं जमवलंस? बघा, इथेही गाठीशी काय आहे तेच आधी विचारलं. अकरा महिने हा काही थोडाथोडका माल नाही. एका रात्रीने ते पुसले जात नाहीत. कुणाबरोबर होतास, संध्याकाळी काय करत होतास, कोणत्या दिवशी सुटलं, पगाराच्या, यात्रेच्या, की भावाशी भांडण झालं त्या? हे नीट कळलं, की पुढच्या खेपेचा बंदोबस्त करता येतो.

म्हणून माझी दिंडीला विनंती आहे. माळ त्याने काढली असेल तर काढू द्या. पुन्हा कधी घालायची ते महाराज ठरवतील. पण एकादशीला त्याच्या दारात माणूस गेला पाहिजे. चल, सतरंजी अंथरायला हात लाव. टाळ नको देऊ त्याच्या हातात, वाटलं तर. सतरंजीला काय हरकत आहे?

काम देताना डोकं मात्र जाग्यावर ठेवा. नुकती सुटलेल्या माणसाच्या हातात भिशीचे पैसे देऊ नका. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, पैसे खिशात असणं हेच त्याला अवघड जातं म्हणून. त्याला रात्रीच्या ट्रकवर एकट्याला बसवू नका. माणसांत असेल, दिवसाउजेडी असेल, आणि जमेल, असं काम द्या. विहिरीच्या मोटरीवर हात चालतो म्हणालात ना, मग जनरेटर त्याच्याकडे द्या. आणि केलेल्या कामाचं चारचौघांत नाव घ्या. मुक्तांगणमध्ये व्यसन सोडल्याला वर्ष झालं की घरच्यांसमोर त्याचा वाढदिवस करतात. पन्नाशीचा माणूस आणि पहिला वाढदिवस! ऐकायला गंमत वाटते, पण त्या दिवशी बायकामुलांचे चेहरे बघावेत.

काही धोकेही सांगते, कारण भक्तीच्या भरात आपण कधी कधी जिवाशी खेळतो. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘देवापुढे शपथ घे आणि आजपासून बंद’ असं करण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. वारीला घेऊन जाऊ, आपोआप सुटेल, असं म्हणून त्याला डॉक्टरला न दाखवता थेट चालायला लावू नका. वाटेत, उन्हात, घाटात त्याला झटका आला तर काय कराल? आधी उपचार, मग वारी. दुसरं, त्याच्या नकळत चहातून, भाजीतून औषध घालणं. हे गावोगाव चालतं. त्यातल्या काही गोळ्या अशा असतात, की वर दारू पडली की अंगावर जबर परिणाम होतो. त्याला ठाऊकच नसेल तर तो पिणारच. असलं काही करू नका. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं, कुणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, तर सरकारची ‘टेलिमानस’ नावाची फोनसेवा आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. तंबूच्या खांबावर लिहून ठेवा. तो नंबर नुसत्या दारूसाठी नाही. कापूस गेला, कांदा गेला, बँकेची नोटीस आली, आणि घरचा कर्ता गप्प गप्प व्हायला लागला, तर त्यालाही हाच नंबर.

शेवटचं एक बोलते. वारीतली मला सगळ्यात आवडणारी रीत समाजआरतीची. संध्याकाळी पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारतात. तोवर आरती थांबते. माउलींची आरती थांबते, विचार करा! एवढ्या मोठ्या सोहळ्यात एका दिंडीचे टाळ वाजत राहिले तर बाकीचे म्हणत नाहीत, की गप्प बसा, आमचा खोळंबा करू नका. ते उभे राहतात. ऐकतात.

आपल्या गावातही कुणीतरी असं टाळ वाजवत असतं. पिणारा त्याच्या पद्धतीने वाजवतो, त्याची बायको तिच्या. शाळा सोडून घरी बसलेलं पोर मोबाईलमध्ये डोकं घालून वाजवतं. तिथे चोपदार कुणी नाही. वर्षातले अठरा-वीस दिवस तुम्ही वाटेवर असता. उरलेले साडेतीनशे दिवस गावात ते काम कुणी करायचं?

मी महाराजांशी बोलले आहे. दिंडीची नोंदवही असते. त्यात नाव, गाव, वय, भिशी भरली का, घरच्यांचा फोन, एवढं असतं. शंभर वर्षांच्या वह्या आज समोर त्या पेटीत ठेवल्यात, मी सकाळी चाळल्या, कुणाकुणाचे पणजोबा सापडतील त्यात. महाराज म्हणाले, यंदापासून एक रकाना वाढवू. ‘काय येतं’ असा. स्वयंपाक, शिवण, गवंडीकाम, वायरिंग, गाणं, हिशेब, जनावरांची पारख, काहीही. ज्याला वाटतं मला काही येत नाही, त्याच्या शेजारच्याने सांगायचं. आणि एक कोरं पान प्रत्येक गावासाठी. त्या पानावर आज इथे न आलेल्या एका माणसाचं नाव लिहायचं. जो पूर्वी दिंडीत होता आणि आता येत नाही. त्याच्या नावापुढेही तोच रकाना.

वही आचाऱ्यांच्या तंबूशेजारी ठेवली आहे. पेन दोन आहेत, गर्दी करू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी कॉलेजची दोन मुलं बसवली आहेत. उद्या पहाटे निघायच्या आधी लिहून व्हायला हवं, कारण सासवडला पोचल्यावर तुम्हाला कुणालाच लिहायचं बळ राहायचं नाही.

राम कृष्ण हरी.